मदत हवी आहे: गावच्या चिऱ्याच्या घराला वाळवी, विहीर अगदी लागून, पेस्ट कंट्रोल कसं करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आमचं घर राजापूर तालुक्यात, जांभ्याच्या चिऱ्याचं (जांभा दगडाच्या घडवलेल्या ठोकळ्यांचं), कौलारू, आजोबांच्या वेळचं. आई-बाबा दोघंच असतात तिथे, दोघंही सत्तरीच्या पुढचे, मी ठाण्याला. यंदा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी ओटीवरच्या ट्यूबखाली पंखवाल्या वाळव्यांचा नुसता खच पडला. तशा त्या दरवर्षी उजेडाला येतात बाहेरून, पण या वेळी ओटीच्या चौकटीखालच्या फटीतूनच बाहेर पडत होत्या, आईने स्वतः बघितलं.

मग मी जाऊन सगळं घर बघितलं. माजघराच्या भिंतीवरून मातीच्या नळ्या पार माळ्यापर्यंत गेल्यात, देवघराची चौकट वरून रंग शाबूत आणि आतून पोकळ, बोटाने दाबली की आत जाते. खांब-तुळया आईन-किंजळाच्या आहेत, त्यांना अजून काही दिसत नाही, पण मागे कधीतरी दुरुस्तीत माळ्याला आंब्याच्या फळ्या घातलेल्या त्या पूर्ण गेल्या. जमिनीची जुनी कागदपत्रं वाचली कारण पत्र्याच्या ट्रंकेत होती.

दोन जणांना विचारलं. एकजण रत्नागिरीहून येऊन बघून गेला, सगळीकडे पंपाने फवारतो म्हणाला, अठरा हजार आणि पाच वर्षं गॅरंटी, औषध कुठलं विचारलं तर "चांगल्या कंपनीचं आहे ताई, वास येत नाही" एवढंच. दुसरा कोल्हापूरचा, त्याने फोटो मागवले आणि सांगितलं की भिंत आणि जमीन मिळते तिथे फुटाफुटावर १२ एमएमची भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी हे वाळवीचं औषध सोडणार, बाहेरूनही भिंतीलगत चर काढून सोडणार, पैसे जवळजवळ दुप्पट. मी वाचलं त्यावरून बांधून झालेल्या घरांसाठी आयएस ६३१३ भाग ३ मध्ये (वाळवी प्रतिबंधाचं भारतीय मानक) साधारण हीच पद्धत आहे, त्यामुळे हा माणूस जास्त बरोबर वाटतो.

पण माझा जीव अडकलाय तो विहिरीत. मागच्या भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर विहीर, तेच पाणी पितात, स्वयंपाकाला तेच, गोठ्यात तेच. जांभा किती सच्छिद्र असतो आणि त्यातून पाणी कसं खाली जातं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दोघांनाही हे विचारलं. पहिला म्हणाला काही होत नाही, दुसरा म्हणाला त्या बाजूला कमी सोडू. कमी म्हणजे किती, आणि ते विहिरीत उतरणार नाही हे कशावरून? लाकूड परत घेता येईल, पण आई-बाबांच्या पिण्याच्या पाण्यात काही गेलं तर मी काय करू?

आणखी एक, परड्यात फणसाखाली कमरेएवढं वारूळ आहे. आई नागपंचमीला पूजा करते, पावसात तिथे अळंबीही उगवतात. पहिला माणूस म्हणाला हेच मूळ, आधी हे फोडा. आई ते करू देणार नाही आणि मलाही नको आहे, पण घरातली वाळवी खरंच तिथूनच येते का?

विहीर जवळ असलेल्या कोणी हे काम करून घेतलंय का? कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. सगळ्यात आधी, भर पावसात जमिनीत औषध सोडूच देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. ओल्या जमिनीत ते धरत नाही आणि वाहून जातं, तुमच्या केसमध्ये कुठे जाईल ते तुम्हालाच माहीत आहे. दिवाळीनंतर जमीन सुकू दे.

नुसत्या फवाऱ्याने दिसतात तेवढ्या मरतात, राणी जमिनीत खाली असते, तिला काही होत नाही. इमिडाक्लोप्रिडचा फायदा हा की वाळवीला ते कळत नाही, ती त्यातून ये-जा करते आणि आतल्यांपर्यंत पोचवते. पण ते पाण्याबरोबर सरकू शकतं, म्हणून विहिरीच्या बाजूला "कमी सोडू" हे उत्तर मला पटत नाही. त्या बाजूला जमिनीत अजिबात सोडू नका. तिथे लाकडावर काम करा: पोकळ चौकटी काढून टाका, राहिलेल्या कोऱ्या लाकडाला बोरिक अॅसिड-बोरॅक्सचं पाणी ब्रशने दोन-तीन हात द्या (रंग असेल तर खरवडून, नाहीतर आत जात नाही, आणि पाऊस लागतो तिथे धुऊन जातं). बेट स्टेशन (वाळवीसाठी औषध घातलेलं खाद्य ठेवलेले डबे) हाही पर्याय आहे, त्यात जमिनीत औषध ओतायचं नसतं, त्यातलं औषध खाल्लं की वाळवीला कात टाकता येत नाही आणि वसाहत हळूहळू संपते. महिने लागतात, आणि वारूळ करणाऱ्या जाती बेटला तितक्याशा येत नाहीत, म्हणून वाळवी कुठली आहे हे आधी जाणकाराला दाखवा.

माणूस ठरवताना कीटकनाशक कायदा १९६८ खालचा परवाना मागा, फोटो नको, कागद बघा. बाटली तुमच्यासमोर उघडायला लावा, लेबलवर औषधाचं नाव, टक्केवारी आणि त्रिकोणाचा रंग बघा, लाल सगळ्यात विषारी मग पिवळा, निळा, हिरवा. बिलावर औषधाचं नाव लिहून घ्या, गॅरंटीत किती वेळा येऊन बघणार तेही. आणि घर बंद करून गोळ्या ठेवतो असं कोणी म्हणालं तर दारातूनच परत पाठवा. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गॅसने घरात झोपलेली माणसं गेलेली आहेत.

प्रतिसाद २

ताई, आमचं घर देवगडकडे, असंच चिऱ्याचं. औषधाआधी एक काम करा, भिंतीला लागून जळण रचलेलं असेल तर ते आजच हलवा. आमच्याकडे न्हाणीमागे लाकडं आणि नारळाच्या झावळ्या रचलेल्या आणि नळ्या बरोब्बर तिथूनच वर चढलेल्या. दुसरं म्हणजे पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर पन्हळ लावून लांब सोडा, वाळवीला ओल लागतेच. नवीन चौकट बसवताना खाली चिरा नाहीतर काँक्रीट येऊ दे, लाकूड मातीला टेकता कामा नये. आमचे वडील गोठ्याच्या मेढींना काजूच्या टरफलांचं तेल लावायचे, अजून टिकल्यात, पण ते हाताला लागलं तर कातडी सोलते, जपून.

वारूळ राहू दे. नुसतं वरून फोडून काही होत नाही, पुन्हा बांधतात. तुमच्या घरातली वाळवी तिथलीच असेल असंही नाही, पालापाचोळा आणि मेलेली साल खाणारीही असते. त्या अळंबी येतात त्याही त्या वाळवीने आत बुरशी पाळलेली असते म्हणूनच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. न्हाणीमागे आमच्याकडेही जळण आहे, बाबांना फोन करून सांगितलं, उद्या गडी येऊन हलवेल. देवघराची आणि ओटीची चौकट दिवाळीनंतर काढून घेऊ, माळ्याच्या फळ्याही. विहिरीच्या बाजूला जमिनीत काही सोडायचं नाही हे आता नक्की, कोल्हापूरच्यांना तसं स्पष्ट कळवते आणि परवानाही मागते. बाकीच्या तीन बाजूंना भोकं पाडायची तर चिरे मातीत बसवलेले आहेत, सिमेंट नाही, ड्रिलने सांधे सुटतील का? आणि लांजा-राजापूर भागात बेट स्टेशन लावून देणारा खात्रीचा कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.