पीटीआयएन मिळाला, पण ई-फाइलला तेवढा पुरत नाही
वर विचारलंय, अमेरिकेत पीटीआयएन (टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्याचा ओळख क्रमांक) हातात आला, आता येत्या टॅक्स सीझनला लोकांची रिटर्न्स ई-फाइल, म्हणजे ऑनलाइन दाखल, करता येतील ना? तेवढ्यावर नाही. पीटीआयएन तुमचा स्वतःचा, 'पी' आणि पुढे ८ आकडे. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाला तो लागतोच, आणि ३१ डिसेंबरला संपतो, म्हणून दरवर्षी नूतनीकरण. ई-फाइलसाठी वेगळा ६ आकडी ईएफआयएन, म्हणजे ई-फाइल करण्याचा क्रमांक, लागतो, तो व्यवसायाच्या नावावर. त्यासाठी अर्ज केला की आयआरएस, म्हणजे तिथला कर विभाग, तुमची स्वतःची रिटर्न्स वेळेवर गेलीत का, गुन्ह्याची नोंद आहे का, हे तपासते. वकील, सीपीए (तिथले सीए) किंवा एनरोल्ड एजंट (आयआरएसचा परवाना असलेले कर सल्लागार) वगैरे नसाल तर बोटांचे ठसेही द्यावे लागतात. यात ४५ दिवस जाऊ शकतात.

पहिल्या वर्षी मी डिसेंबरअखेर अर्ज केला आणि फेब्रुवारीभर रिटर्न्स छापून, सह्या घेऊन, पाकिटं चिकटवत बसले. सातच होती म्हणून निभावलं, ११ किंवा जास्त असतील तर ई-फाइल सक्तीचं आहे. तेव्हा अर्ज आत्ताच टाका. आणि कृपा करून ओळखीच्या ऑफिसचा ईएफआयएन उसना घेऊ नका, तो दुसऱ्याला वापरायला देताच येत नाही.