मुलाखत झाली, 'कळवतो' म्हणाले. आता पुढं?

कडबाकुट्टी:
कपाट आवरताना जुन्या अर्जाची रजिस्टर पोस्टाची पावती सापडली. तेव्हा अर्ज पोचला का नाही एवढंच कळायला पोस्टमनची वाट बघावी लागायची. आता मेल आहे, व्हॉट्सॲप आहे, तरी पोरं 'कळवतो'वर महिना काढायलेत. पाठपुरावा कसा करायचा ते माहीतगारांनी लिहा.

माझ्याकडून एवढंच: उठण्याआधीच विचारायचं, निकाल किती दिवसांत, चौकशी कुणाकडं, फोन का मेल. आभाराचा मेल त्याच संध्याकाळी, चार ओळी. विषयात पद, मुलाखतीची तारीख आणि आपलं नाव. सांगितलेली तारीख उलटली की कामाचे दोन दिवस सोडून पहिली चौकशी. तारीखच दिली नसेल तर आठवड्यानं. त्यानंतर आणखी एकदा, मग पुढच्या अर्जाला लागा.

वाळूजकर:
आधी हे बघा की तुमचं पेरोल कुणाचं आहे. कंपनीचं, कॉन्ट्रॅक्टरचं का अप्रेंटिस? कॉन्ट्रॅक्टरच्या पोरानं कंपनीच्या एचआरला फोन लावून उपयोग नाही, त्यांच्याकडं यादीच नसते. सुपरवायझरला विचारा. शिफ्ट बदलायच्या वेळेला फोन करू नका, गेटवर गोंधळ असतो. अकरा ते साडेबारा बरं. वीकली ऑफ कंपनीगणिक वेगळा, तो गेटवरच विचारून ठेवा.

अप्रेंटिसला 'घेतलं' म्हणले तरी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर करार तयार झालाय का ते स्वतः लॉगिन करून बघा. आधार, आयटीआयची मार्कशीट आणि बँक पासबुक यातलं नाव जुळलं नाही की तिथंच अडकतं, आणि पोरगं म्हणतं एचआर दाद देईना.

जालन्याची लेक:
अन् ती कॉलर ट्यून काढा बाई. एचआरनं अख्खी आरती ऐकायची का? 😄

वाळूजकर:
आणि पत्त्यात पंढरपूर दिसलं की सोलापूरची गाडी धरू नका, ते संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीजवळचं!

भगर_आमटी:
😂😂 विठोबा मात्र दोन्हीकडं आहे.

तासिकावाला:
कॉलेजचं गणित वेगळं. तासिका तत्त्वावरची (तासाप्रमाणे मानधनाची) मुलाखत जून-जुलैत होते, पण ऑर्डर वर्कलोड आणि मान्यतेवर अडते. प्राचार्यांना रोज फोन करून काही हलत नाही. आस्थापनेच्या बाबूंना विचारा, 'प्रस्ताव विद्यापीठात आहे का उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात?' आपल्या मराठवाड्यात ही कार्यालयं दोन, संभाजीनगर आणि नांदेड. आपलं कॉलेज कुठल्याकडं ते आधी बघा.

कुठलाही अर्ज दोन प्रतींत द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घ्या. 'साहेब माझा अर्ज...' म्हणलं की 'बघतो' ऐकू येतं. आवक क्रमांक आणि तारीख सांगितली की रजिस्टर उघडावंच लागतं.

लातूरची सून:
झेडपीच्या कंत्राटी भरतीत फोनची वाट बघणं म्हणजे वेडेपणा. पात्र-अपात्र यादी वेबसाईटवर लागते, हरकतीला मोजकेच दिवस, तेही जाहिरातीत सांगितलेल्या पद्धतीनंच. अपात्रतेचं कारण बहुतेकदा कागदाचं असतं: नोंदणीचं नूतनीकरण नाही, अनुभवाच्या दाखल्यावर जावक क्रमांक नाही. हरकतीत तोच कागद जोडा, गाऱ्हाणं नको.

निवड यादी लागली आणि गुण कळले नाहीत तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 'माझ्यावर अन्याय का' असं विचारलं की उत्तर येत नाही. स्वतःचे गुण, गुणदानाचे निकष, अंतिम यादीची प्रत, असं मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं की पहिलं अपील. खासगी कंपनीला हे लागू नाही बरं.

कुकर झाला, येते.

भगर_आमटी:
ताई, मुलाखतीला जाणाऱ्या पोरीसाठी वाळूजच्या बजाजनगरात खोली मिळंल का कुठं? धागा सोडून विचारायलेय, माफ करा.

वाळूजकर:
मेसेज करा, सांगतो. ऑफर लेटर हातात येईपर्यंत डिपॉझिट भरू नका फक्त.

जालन्याची लेक:
डिपॉझिटवरून आठवलं. 'तुमची निवड झाली, गणवेशाचे, लॅपटॉपचे पैसे भरा' असा फोन आला की ठेवून द्या. मेलचा पत्ता कंपनीच्या वेबसाईटशी जुळतो का बघा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. खरा मेल मात्र स्पॅममध्येही जातो, तेही उघडून बघत जा.

दुसरी ऑफर असेल तर सरळ कळवा, 'अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, आपला निर्णय तोवर कळेल का?' खोटी ऑफर सांगू नका. 'घ्या मग ती' म्हणतेत.

कडबाकुट्टी:
व्हॉट्सॲपवर विचारलं तर चालतं का?

जालन्याची लेक:
नंबर त्यांनीच दिला असेल तरच. एकच मेसेज, व्हॉइस नोट नको, गुड मॉर्निंगची फुलं तर नकोच नको. निळ्या टिका आल्या म्हणून लगेच फोन लावायचा नाही.

तासिकावाला:
आमच्या प्राचार्यांनी निळ्या टिका बंदच केल्यात 😀