मदत हवी आहे : द्विशिक्षकी शाळेत टॅबचा वापर नेमका कसा करावा?

सप्रेम नमस्कार.

मी अकोले तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी व चौथीचे वर्ग सांभाळते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात आणि त्यांचा मिळून पट 26 आहे. जूनमध्ये एका देणगीदार संस्थेने शाळेला 14 अँड्रॉइड टॅब दिले. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नोंद झाली, वाटपाचे छायाचित्रही निघाले, आणि तेव्हापासून ते बहुतेक वेळ कपाटातच आहेत. (हा प्रकार येथील अनेक शिक्षकांना नवा नसावा.)

माझी अपेक्षा फार मोठी नाही. मी चौथीला भागाकार शिकवत असताना तिसरीच्या मुलांनी अर्धा तास माझ्याशिवाय सराव करावा, एवढेच मला हवे आहे. फळ्यावर उदाहरणे लिहून दिली, की ज्यांना येते ती मुले थोड्याच वेळात मोकळी होऊन गोंधळ घालतात, आणि ज्यांचे हातच्यापाशी अडले आहे ती माझी वाट पाहत बसून राहतात. टॅबमुळे प्रत्येकाला आपल्या गतीने पुढे जाता यावे आणि चुकलेले उत्तर तिथल्या तिथे कळावे, असे वाटते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमधील काही व्हिडिओ मी उतरवून ठेवले आहेत. परंतु व्हिडिओ पाहणे हा सराव नव्हे, आणि कोणाला कितपत समजले हे त्यातून मला कळत नाही. शाळेत इंटरनेटची रेंज जवळजवळ नाही. शिवाय माझी पाठ वळली, की निम्म्या टॅबवर कॅमेरा सुरू झालेला असतो.

दुसरा प्रश्न पालकांचा आहे. प्रत्येक मुलाला स्वतंत्र टॅब मिळावा आणि तो घरी नेऊ द्यावा, असा काहींचा आग्रह आहे. मुलाला स्वतःचे यंत्र देण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा प्रयोग झाला होता आणि यंत्र मुलाच्या मालकीचे असावे, हेच त्या चळवळीचे मूळ तत्त्व होते. पेरू देशात मात्र याच लॅपटॉपचा 319 ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये अभ्यास झाला, तेव्हा गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचल्यापासून मी साशंक आहे. तेव्हा इंटरनेटशिवाय चालणारा मराठी सराव, टॅबवरील नियंत्रण आणि घरी देणे-न देणे, या तिन्हींबाबत प्रत्यक्ष वर्गात टॅब वापरलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

ताई, इंटरनेट नसल्याची अडचण सर्वात सोपी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. ‘कोलिब्री’ ही मोफत प्रणाली एका जुन्या लॅपटॉपवर बसवा आणि साध्या वायफाय राउटरने टॅब त्याला जोडा. राउटरला इंटरनेट असण्याची गरज नाही. त्यात तुम्हाला वर्ग व गट करता येतात, प्रत्येक गटाला वेगळा पाठ किंवा चाचणी देता येते आणि कोणाचे कोठे अडले, ते तुमच्या पडद्यावर दिसते. तयार साहित्य तालुक्याच्या गावी उतरवून घ्या. मात्र ते आपल्या पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने येईल, अशी अपेक्षा ठेवू नका. हातच्याची वजाबाकी हवी असेल, तर स्वतःचे प्रश्नसंच एकदा बसून तयार करावे लागतील. खरा वेळ तेथेच जातो, आणि देणगीदारांना हे काम कधीच दिसत नाही. भारनियमन असेल, तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा.

कॅमेऱ्यासाठी सेटिंगमधील सुरक्षा विभागात ‘ॲप पिनिंग’ सुरू करा व बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्याय निवडा. हवे ते ॲप एकदा पिन केले, की पिन माहीत असल्याशिवाय मूल त्यातून बाहेर पडू शकत नाही.

घरी देण्याच्या मात्र मी विरोधात आहे. एवढेच नव्हे, तर शाळेतही तिसरीसाठी दोघांत एकच टॅब द्यावा, असे माझे मत आहे. उत्तर दाबण्यापूर्वी दोघांनी ते वहीत मांडायचे आणि एकमेकांना पटवायचे, असा नियम केल्यास अंदाजाने बटण दाबणे बरेच कमी होते. एकट्या मुलाला ती सवय फार लवकर लागते. उरलेले टॅब चार्जिंगला ठेवता येतील, हा आणखी एक लाभ. उन्हाळी सुटीत ते निम्म्याच्या आसपास चार्ज करून बंद ठेवा. पूर्ण उतरलेल्या बॅटऱ्या जूनपर्यंत निकामी होण्याचा धोका असतो.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार, सर. जोडीने टॅब देण्याचा विचार मी केलाच नव्हता. पुढील आठवड्यापासून वजाबाकीनेच सुरुवात करते. एक शंका उरते. वर्गात टॅब फुटल्यास जबाबदारी कोणाची, याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत कोणी करून घेतला आहे का? असल्यास त्याचा मसुदा येथे द्यावा.