मदत हवी आहे: ताम्हिणीसाठी साइडकार मिळेल का?

मंडळी, आमच्या चौघा बुलेटवाल्यांपैकी एक गडी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात आहे. केमो त्यानेच थांबवली. आजार मणक्यात उतरलाय, मॉर्फिनच्या गोळ्यांनी झापड येते, म्हणून किल्ली आम्ही काढून घेतली (शिव्या खाल्ल्या भरपूर). पण त्याला एकदा मुळशीवरून ताम्हिणी उतरून माणगावात मिसळ खायचीय. मागे बसवलं तर खड्ड्याचा दणका थेट पाठीत. डॉक्टर म्हणाले, जा, पण धक्के टाळा आणि गोळीची वेळ चुकवू नका. पुण्यात साइडकार भाड्याने मिळते का? ३५० सीसीला जोडलेली चालेल. कुणी अशा पेशंटला नेलंय का? बसायला काय केलंत? कारने न्या म्हणू नका, तो उतरूनच जाईल. पावसाच्या आत निघायचंय.