तालिबानच्या आधीही
"२००१ मध्ये तालिबानची पहिली राजवट पडल्यावर अफगाण महिला न्यायाधीशांना सगळी दारं उघडी होती" असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अनिसा रसूलींचंच बघा. काबूलच्या बालन्यायालयाच्या प्रमुख होत्या. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनींनी त्यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं, तिथे एका स्त्रीचं नाव पहिल्यांदाच. धर्मगुरू खवळले. संसदेत ९७ मतं हवी होती, ८८ पडली. काही महिला खासदार तर आल्याच नाहीत! (याचं मला जास्त वाईट वाटतं.) जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी काम करणाऱ्या दोन महिला न्यायाधीशांना काबूलमध्ये भररस्त्यात गोळ्या घातल्या, तेव्हाही सरकार घनींचंच होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा सत्ता घेताना तालिबाननं तुरुंग उघडले, आणि ज्यांना महिला न्यायाधीशांनी शिक्षा सुनावल्या होत्या तेच या बायकांना शोधत फिरू लागले.