वीज गेली, टॅब परत आला, पण आत नुसतं एनयूएल एनयूएल

घाटाखालचा

नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. सध्या दिवाळी अंकांची घाई आणि वर पाऊस. लेखकांची हस्तलिखितं टंकून द्यायची, प्रुफं काढायची, हे काम. टंकतो नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये, कारण साधा युनिकोड मजकूर पुढे पानं लावायला बरा पडतो, वर्डमधल्या फॉर्मॅटिंगचं झेंगट मागे लागत नाही. नवा टॅब उघडायचा, कथा टंकायची, पूर्ण झाली की लेखकाच्या नावाने सेव्ह करायची. वर्षानुवर्षं असंच चालू आहे. खिडकी बंद केली, अपडेटच्या नादात मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, तरी 'न्यू ४', 'न्यू ५' जिथल्या तिथे परत येतात.

काल संध्याकाळी कडाडलं आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी बसलेली आहे, नवी कणकवलीहून यायची आहे. लाईट आल्यावर तिन्ही टॅब परत आले. दोन ठणठणीत. तिसऱ्यात, ज्यात त्या क्षणी टंकत होतो, पहिल्या अक्षरापासून काळ्या चौकोनांत एनयूएल एनयूएल एनयूएल. एकच न संपणारी ओळ. फाईलचा आकार मात्र ९३ केबी. म्हणजे मजकूर आत कुठेतरी आहे ना?

हस्तलिखित माझ्याकडे आहे, पुन्हा टंकता येईल. पण लेखक ऐंशीच्या पुढचे आहेत. फोनवर बसून त्यांनी मालवणी संवाद बदलून घेतले आणि मी ते थेट टंकले. म्हातारीच्या तोंडी 'खंय चललंस?' होतं, ते त्यांनी 'खंय उंडगत चललंस?' केलं. असे कितीतरी. दोन-चार आठवतात, बाकीचे कागदावर कुठेच नाहीत. त्यांना पुन्हा फोनला बसवणं जिवावर येतंय.

बाजारातला कॉम्प्युटरवाला म्हणतो, फाईल दुरुस्त करून देतो, साडेतीन हजार होतील. द्यावेत का?

सदाशिवपेठी

कंट्रोल एस नावाची एक सोय फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. फुकट आहे. दर परिच्छेदाला वापरावी.

घाटाखालचा

@सदाशिवपेठी, सल्ला पोचला. तुमच्याकडे लाईट जात नाही हेही पोचलं.

जुना खिळा

पैसे देऊ नका. ती फाईल दुरुस्त होणार नाही, कारण तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. एनयूएल म्हणजे शून्य किमतीचा बाइट, आणि ती ९३ केबी नुसती शून्यं आहेत. आणि आधी ते मशीन बंद करा. हे मोबाईलवर वाचत असाल तर उत्तम.

मी नाशकात एका वर्तमानपत्राच्या संगणक विभागात नोकरी करून निवृत्त झालो. रात्रपाळीला हा प्रकार पुष्कळ पाहिला आहे. नीट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

तुमचा एडिटर न सेव्ह केलेल्या टॅबची प्रत स्वतःच्या बॅकअप फोल्डरात ठेवतो. २०१४ साली ६.६ आवृत्तीत ही सोय आली. मजकुरात बदल झाला असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे दर ७ सेकंदांनी ही प्रत नव्याने लिहिली जाते. एडिटर कोसळला, खिडकी चुकून बंद झाली, विंडोजने रीस्टार्ट केलं, या सगळ्यांवर हा इलाज चालतो. वीज जाण्यावर चालेलच असं नाही. एडिटर मेला तरी विंडोज जिवंत असतं आणि हातातलं काम पुरं करतं. वीज गेली की दोघंही जागच्या जागी मरतात.

एडिटरने 'लिहिलं' म्हणजे त्याने विंडोजच्या हवाली केलं, एवढंच. विंडोज ते काही काळ मेमरीत ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. आता एनटीएफएस ही फाईल सिस्टिम फाईलचं नाव, आकार, जागा या नोंदी जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या रोजनिशीत, काटेकोर सांभाळते, पण आतल्या मजकुरासाठी जर्नल नाही. जावक रजिस्टरात नोंद झाली आणि पाकीट टेबलावरच राहिलं, तसं. वीज आल्यावर सिस्टिम नोंद बघते: फाईल आहे, आकार ९३ केबी. मजकूर डिस्कपर्यंत पोचलाच नाही, म्हणून तेवढ्या जागेत शून्यं वाचायला मिळतात. बाकीचे दोन टॅब वाचले कारण त्यांच्यात तुम्ही बराच वेळ हात घातला नव्हता, त्यांचा मजकूर आधीच खाली उतरला होता.

९३ केबी आकडा मात्र खरा असणार. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या धरून. म्हणजे तीसएक हजार चिन्हं. कथा तेवढी होती का?

आता महत्त्वाचा प्रश्न. डिस्क कोणती? फिरणारी हार्ड डिस्क की एसएसडी? सी ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, लावला आहे का?

घाटाखालचा

काका, कथा तेवढीच होती. जुना डेस्कटॉप, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. बिटलॉकर वगैरे काही नाही. मशीन बंद केलं. हे फोनवरून लिहितोय.

विमवाली

यांच्या आत्ताच्या दुखण्यावर इलाज नाही, पण नोंद म्हणून लिहिते. विम (दुसरा एक एडिटर) फाईलच्या शेजारी एक स्वॅप फाईल, म्हणजे सेव्ह न केलेल्या बदलांची नोंद, ठेवतं. २०० अक्षरं टंकली की, किंवा ४ सेकंद हात थांबला की तिच्यात भर पडते. आणि मूळ सेटिंगमध्ये ती भर नुसती सिस्टिमच्या हवाली करून विम थांबत नाही, डिस्कवर उतरवायला लावतं. जुना खिळा म्हणतात ती नेमकी मधली फट त्याने बरीच बुजते.

पुढच्या वेळी फाईल उघडली की मोठी थोरली सूचना येते आणि लोक घाबरून डिलीट निवडतात. तसं करू नये. आर दाबायचं, परत आलेला मजकूर वेगळ्या नावाने सेव्ह करायचा, मूळ फाईलशी ताडून बघायचा, आणि मगच स्वॅप फाईल काढायची. लेखनाच्या माणसांना विमकडे वळवायचा माझा आग्रह मात्र नाही. त्यात टंकायचा मोड वेगळा, आज्ञांचा वेगळा, आणि आज्ञा इंग्रजी अक्षरांत, म्हणून मराठी कळफलकाशी त्याचं पटत नाही, दर वेळी एस्केप दाबून भाषा बदलत बसावं लागतं.

जुना खिळा

@घाटाखालचा, हार्ड डिस्क असेल तर आशा आहे. दर वेळी प्रत नव्याने लिहिताना एडिटर जुनी रिकामी करतो. नवी कधी त्याच जागी पडते, कधी दुसरीकडे. दुसरीकडे पडली की जुन्या जागेवरची अक्षरं पुसली जात नाहीत, फक्त 'जागा मोकळी' अशी नोंद होते. शिवाय मेमरीतला मजकूर कधीमधी पेजफाईलमध्ये, म्हणजे मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाईल वापरतं तिच्यात, सांडलेला असतो. तो शोधायचा.

विंडोज सुरू करू नका, ते स्वतःच त्या मोकळ्या जागेत लिहीत सुटतं. कुणाकडून तरी उबंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) पेनड्राइव्ह बनवून घ्या, त्यावरून मशीन चालू करा, इन्स्टॉल न करता नुसतं ट्राय निवडा. दुसरा एक रिकामा पेनड्राइव्ह लावा, जे सापडेल ते त्याच्यावर जाईल. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ग्रेप ही शब्द शोधायची आज्ञा चालवायची, फाईलवर नाही, अख्ख्या डिस्कवर. हायफन ए लावा, म्हणजे बायनरी कचऱ्यालाही ते मजकूर समजेल. हायफन मोठा सी लावून २००, म्हणजे सापडलेल्या ओळीच्या मागच्या-पुढच्या दोनशे ओळी मिळतील.

शोधायचा शब्द नीट निवडा. कथेतलंच, इतरत्र कुठे नसेल असं नाव हवं. आणि त्यात 'ऱ्या', 'ऱ्ह' असलं काही नको. तो अर्धा र एका कळफलकावर एका चिन्हाने बनतो, दुसऱ्यावर र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून. डोळ्यांना सारखा, संगणकाला वेगळा. तुम्ही दुकानात टंकलेला आणि उबंटूत टंकलेला जुळला नाही तर उगाच हात हलवत परत याल.

घाटाखालचा

कथेत भिकाजी तांडेल नावाचं पात्र आहे. हे नाव चालेल?

जुना खिळा

झकास. मधे एकच स्पेस ठेवा. ५०० जीबी सेकंदाला १०० एमबीने वाचले तरी दीड तास जाईल. जेवून या.

घाटाखालचा

काका, पंधराव्या मिनिटाला 'मेमरी एक्झॉस्टेड' म्हणून बंद पडलं. मशीनमध्ये ४ जीबी रॅम आहे.

जुना खिळा

हं, ते सांगायचं राहिलं. ग्रेप ओळीने वाचतं. डिस्कवर मैलोन्मैल शून्यं पसरलेली असतात, त्यात एंटर कुठेच नाही, म्हणून ते सगळं एक ओळ समजून मेमरीत भरत बसतं. आधी टीआर ही अक्षरं बदलणारी आज्ञा लावा: शून्य दिसलं की एंटर कर, आणि हायफन एस, म्हणजे लागोपाठच्या हजार एंटरांचा एकच कर. टीआरमधून गाळलेलं ग्रेपला द्या.

कोडखोर

मधेच विचारतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये काय होतं? मी त्यात ब्लॉग लिहितो, सेव्ह न करता बंद करतो, सगळं परत येतं.

जुना खिळा

तेच. हॉट एक्झिट म्हणतात त्याला. प्रत बॅकअप फोल्डरात जाते, पुढची फट तीच. मात्र मार्च २०२२ च्या आवृत्तीपासून त्यात लोकल हिस्ट्री आहे. प्रत्येक सेव्हची जुनी प्रत वेगळी राहते, ती कामाची गोष्ट. पण त्यासाठी सेव्ह करावं लागतं, म्हणजे सदाशिवपेठी जिंकले. लिनक्सवाल्यांनीही हसू नये. २००९ मध्ये एक्स्ट४ ही लिनक्सची फाईल सिस्टिम नवीन असताना वीज गेली की शून्य बाइटच्या फायली मिळायच्या, त्यावरून मोठा गदारोळ झाला होता.

घाटाखालचा

सापडलं!!!

पेनड्राइव्हवर ३ एमबीची फाईल झाली. बराच भाग कचरा. पण त्यात भिकाजी तांडेल पुन्हा पुन्हा येतो, कथेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचा. एका प्रतीत म्हातारी नुसतीच 'खंय चललंस?' विचारते, पुढच्या एका प्रतीत 'उंडगत' आलंय. ती नवी धरली. शेवटचा होडीचा प्रसंग कुठल्याच प्रतीत पूर्ण नाही, पण त्यातल्या दुरुस्त्या थोड्याच होत्या आणि त्या मला आठवतायत.

एक विचारतो. तुकडे मधेच तुटतात, आणि तुटल्या जागी एक-दोन प्रश्नचिन्हाचे चौकोन येतात. ते अक्षर गेलं का?

जुना खिळा

वा! गेलं नाही, दोन तुकड्यांत वाटलं गेलं. डिस्कची जागा ४०९६ बाइटच्या ठोकळ्यांत दिली जाते आणि आपलं अक्षर तीन बाइटचं. हिशेब जुळत नाही, म्हणून ठोकळ्याच्या कडेला अक्षर अर्धं कापलं जातं. त्याचं उरलेलं अंग दुसऱ्या ठोकळ्याच्या सुरुवातीला असेल. हाताने जुळवून टाका. एका ठोकळ्यात साधारण तेराशे-चौदाशे चिन्हं मावतात, म्हणजे अंकाच्या पानावर अर्धा-पाऊण कॉलम. त्या अंदाजाने क्रम लावा.

विमवाली

हा धागा जपून ठेवते आहे. अर्ध्या र चा मुद्दा कुणी सांगितलाच नसता.

घाटाखालचा

क्रम लावून झाला, आजोबांना प्रूफ गेलं. फोन करावा लागला नाही. आता पुढे असं होऊ नये म्हणून काय करू? यूपीएसची बॅटरी तर येतेच आहे.

जुना खिळा

टॅब उघडल्या उघडल्या नाव देऊन सेव्ह करा, मग टंका. नाव असलेल्या फाईलला एडिटर सेटिंगमधल्या बॅकअप पानावरून आणखी एक सोय मिळते. तिथे 'व्हर्बोज' निवडलंत की दर सेव्हला आधीची प्रत तारीख-वेळेसकट वेगळी ठेवली जाते. एकाच प्रतीवर पुन्हा पुन्हा लिहिणं नाही, म्हणून ताजी गेली तरी त्याआधीची शाबूत. त्या प्रतींचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर द्या. महिन्याने साफ करा, नाहीतर डिस्क भरेल.

टॅब परत आले नाहीत अशी वेळ आली तर एडिटर उघडायच्या आधी त्याच्या बॅकअप फोल्डराची कॉपी काढून ठेवा. रन खिडकीत अ‍ॅपडेटा हा शब्द इंग्रजीत, आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह लावून टाका, आत एडिटरच्या नावाचं फोल्डर, त्यात बॅकअप. पुष्कळदा टॅबची यादी तेवढी खराब झालेली असते, मजकूर तिथे सुखरूप पडून असतो.

आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज बघा. तिथे दोन खुणा असतात. पहिली, राइट कॅशिंगची, काढलीत तर डिस्कची स्वतःची साठवण बंद होते. मशीन थोडं मंदावेल, तुमची मर्जी. दुसरी, कॅश फ्लशिंग बंद करण्याची, ती मात्र असेल तर काढाच. वेग वाढतो म्हणून दुकानदार ती लावून देतात.

कोडखोर

काका, शेवटचं. एसएसडी असती तर?

जुना खिळा

तर ग्रेपला बहुधा काही मिळालं नसतं. जागा मोकळी झाली की विंडोज एसएसडीला ट्रिमचा, म्हणजे ही जागा आता नको असा, आदेश देतं, मग तिथे वाचायला गेलं की बहुतेक वेळा शून्यंच हाती येतात. पेजफाईलमध्ये काही उरलं असेल तर नशीब. साडेतीन हजारवाल्याकडेही त्याहून वेगळं काही नसतं.