पाचव्या वर्षापर्यंत स्वभाव खरोखरच ठरून जातो का?

मूळ मत

व्यक्तिमत्त्वाच्या जडणघडणीविषयी लिहिताना आजही सुरुवात मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्यापासून होते, आणि मुलाच्या मनाचा मूळ साचा पाच-सहा वर्षांच्या आतच तयार होतो हे विधान सिद्ध झाल्यासारखे सांगितले जाते. मला ते मान्य नाही. फ्रॉइडने हा सिद्धान्त मुलांच्या निरीक्षणातून नव्हे, तर मुख्यतः प्रौढ रुग्णांच्या आठवणींवरून मांडला होता. मनाऐवजी बाह्य वर्तनाचाच अभ्यास करावा असे मानणाऱ्या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ वॉटसनने मनोविश्लेषण झुगारले खरे, परंतु संगोपनालाच सर्वस्व मानण्यात तोही मागे नव्हता. डझनभर निरोगी बाळांपैकी कोणालाही हव्या त्या पेशासाठी घडवून दाखवीन, हा त्याचा दावा सर्वांना ठाऊक असतो, पण आपण पुराव्यापलीकडे बोलत आहोत ही त्याने लगोलग दिलेली कबुली फारसे कोणी सांगत नाही.

याउलट, मिनेसोटा विद्यापीठात १९७९ मध्ये थॉमस बुशार्ड यांनी सुरू केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकबीज, म्हणजे सारखीच जनुके असलेली, जुळी भावंडे व्यक्तिमत्त्व चाचण्यांत एकत्र वाढलेल्या जुळ्यांइतकीच जवळपास एकमेकांसारखी आढळली. माणसामाणसांतील स्वभावभेदांपैकी साधारण ४० ते ५० टक्के भेद आनुवंशिक असतात आणि एकाच घरात वाढल्यामुळे येणारे साम्य अगदी थोडे असते, असे अशा अनेक अभ्यासांतून दिसते. मग मुलाच्या प्रत्येक दोषाचे खापर आईवडिलांच्या माथी का फोडावे?

प्रतिसाद १

मी समुपदेशनाचे काम करते आणि आपला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. ४० ते ५० टक्के हा आकडा लोकसमूहातील फरकांविषयी आहे. एखाद्या व्यक्तीचा निम्मा स्वभाव जनुकांतून आला, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय एकाच घरात वाढल्याच्या ज्या प्रभावाला आपण थोडा म्हणता, त्याला अभ्यासक ‘सामायिक वातावरण’ म्हणतात, आणि ही संज्ञा भावंडांना एकमेकांसारखे करणाऱ्या प्रभावांपुरतीच आहे. आईवडिलांचे तेच भांडण चार वर्षांच्या मुलाला भयभीत करते आणि बारा वर्षांच्या मुलीला अकाली जबाबदार बनवते. येथे घराचा परिणाम खोलवर झाला, पण गणितात तो सामायिक नसलेल्या रकान्यात गेला. रकाना बदलला म्हणून घर निष्प्रभ ठरत नाही. फ्रॉइडने सांगितलेल्या बालविकासाच्या अवस्था मीही शब्दशः मानत नाही, तथापि लहानपणीच्या नात्यांकडे गांभीर्याने पाहण्याची दृष्टी त्यानेच दिली, हे ऋण नाकारणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद २

आपण दोघेही स्वभाव नावाची स्थिर वस्तू गृहीत धरत आहात. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की चाचणीत मोजलेला गुणविशेष आणि एखाद्या प्रसंगातील प्रत्यक्ष वर्तन यांतील सहसंबंध (पूर्ण मेळ असेल तर १, मुळीच नसेल तर ०) सहसा ०.३० च्या पुढे जात नाही. वरिष्ठांसमोर गप्प बसणारा माणूस मित्रांत बोलका असतो, आणि कोणत्या प्रसंगी तो कसा वागतो याची ठरावीक वीण हीच त्याची खरी ओळख होय.

मूळ लेखकाचे उत्तर

रकान्याविषयीचा आक्षेप मी स्वीकारतो. घर निष्प्रभ असते असे सुचवण्यात माझी चूक झाली. परंतु एकच वागणूक दोन मुलांत दोन वेगळे परिणाम घडवत असेल, तर अमुक संगोपनातून तमुक स्वभाव घडतो हा नियम तरी कोठे उरला? हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात मुलाच्या स्वमग्नतेचे कारण आईच्या भावनिक थंडपणात शोधले गेले आणि असंख्य मातांनी तो कलंक विनाकारण सोसला. मिशेल यांच्याविषयी इतकेच म्हणेन की एका प्रसंगाऐवजी अनेक प्रसंगांतील वर्तनाची सरासरी घेतली, तर गुणविशेषांचा संबंध बराच ठळक होतो.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

असा नियम मीही मांडत नाही. मानसोपचारतज्ज्ञ अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधील मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घेतला, तेव्हा मुलाचा उपजत कल आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, याला त्यांनी सर्वाधिक महत्त्व दिले. नव्या गोष्टींना बिचकणारे मूल धीराने घेणाऱ्या घरात हळूहळू मोकळे होते, आणि सतत पुढे ढकलले गेले तर अधिकच मिटून जाते. म्हणूनच माझ्याकडे येणाऱ्या पालकांना ‘तुमचे काय चुकले’ असे मी विचारत नाही. मूल तान्हे असताना नव्या माणसाकडे कसे पाहत असे, येथपासून मी सुरुवात करते.